विहीर काढायची आहे

'काढणे' हे क्रियापद ज्या कुणी आपल्या भाषेत आणलं, तो इसम मला एकदा भेटायला हवा. माणूस चित्र काढतो, दात काढतो, झोप काढतो, वाईट दिवस काढतो, शेजाऱ्याची खोडी काढतो आणि वेळ आली की बापाची अब्रूही काढतो. कोंबडी पिल्लं काढते, तेही हेच. एवढा कारभार एकाच शब्दावर टाकल्यावर कधीतरी अपघात होणारच. तो आमच्या मागच्या अंगणात झाला, आणि त्यात मी आणि माझी एकुलती एक मुलगी जिवंत गाडले जायचे तेवढे राहिलो.

सुरुवात गाडीपासून झाली. मी विमा कंपनीत दावे तपासायच्या टेबलावर बसतो. रोज दुसऱ्यांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि 'हा ओरखडा जुना आहे' असं खाली लिहायचं. मग कधीतरी आपलीही एक गाडी असावी, तिलाही एक ओरखडा असावा, असं वाटलं तर माझं काय चुकलं? मी गाडी नोंदवली. पांढरी. नोंदवून झाल्यावर ध्यानात आलं की ती उभी करायला जागा नाही. आमच्या घराच्या बाजूने एक बोळ जातो, बोळातून मागे अंगण लागतं, आणि अंगणाच्या बरोब्बर मधोमध विहीर. वर अर्धाअधिक पत्रा टाकलेला. त्या पत्र्यावर आम्ही चादरी वाळत घालायचो. पाणी नळाला येतं, त्यामुळे विहिरीचा घरात कुणाला काही उपयोग नव्हता. निदान माझी समजूत तशी होती.

"मागची विहीर बुजवून टाकू म्हणतो," मी जेवताना सहज बोललो.

मुलीने हातातला घास ताटात ठेवला. "बाबा, तिच्यात जीव आहेत."

"कुणाचे?"

"बेडूक आहेत. कपारीत पारव्यांची घरटी आहेत. आणि कासव आहे."

"आपल्याकडे कासव आहे?" मी हिला विचारलं. ही म्हणजे मुलीची आई. हिने आमटीत लक्ष घातलं. म्हणजे हिलाही माहीत होतं. घरात एक भाडेकरू इतकी वर्षं राहतो आणि घरमालकाला पत्ता नाही! त्या दिवसापासून मी त्या कासवाला भाडेकरूच म्हणू लागलो.

"अगं, जग कुठं चाललंय बघ जरा," मी मुलीला म्हणालो.

"जग गाडीतून चाललंय बाबा, आणि पाणी त्याच्या मागून टँकरमधून."

"एक विहीर बुजवली म्हणून पृथ्वी आटत नाही."

"प्रत्येकाच्या अंगणात एकच असते."

आवाज चढवायचा, एवढंच बापाच्या हातात उरतं. मी चढवला. प्रगती, जमाना, आमच्या वेळी, तुमची पिढी, सगळं बोलून घेतलं. ती शांतपणे उठली, हात धुतले आणि म्हणाली, "विहीर गेली तर मी या घरात राहणार नाही. खरंच जाईन." आणि खोलीत गेली. तिने दार आपटलं असतं तरी चाललं असतं. ते तिने हळूच लावलं. आमची मुलगी बोलते ते करते, हा तिचा लहानपणापासूनचा रोग आहे.

त्या दिवसापासून तिने माझ्याशी अबोला धरला. मीही धरला. मग काय, मी काय रस्त्यावर पडलोय? बोलणं सगळं हिच्यामार्फत. "आई, बाबांना सांग, मीठ इकडे द्या." "अगं, तिला सांग, मीठ तिच्याच कोपराशी आहे." ही दोन दिवस दोन्हीकडचे निरोप मुकाट्याने पोचवत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी काय टपाल खातं आहे का?" आणि तेव्हापासून तिने निरोपात फेरफार सुरू केले. मी म्हणायचो, "तिला सांग, असल्या हट्टाने जग चालत नाही." ही आत जाऊन सांगायची, "बाबा विचारतायत, उद्या डबा हवाय का." पलीकडून ती काय म्हणायची ते देव जाणे. माझ्यापर्यंत मात्र "हो म्हणाली" एवढंच यायचं, आणि मला वाटायचं, पोरगी नमली.

पण खरं सांगायचं तर मला त्रास होत होता. ऑफिसातून आलो की तिच्या चपला दारात दिसायच्या, आत तिचा आवाज यायचा, आणि मी पाऊल टाकलं की तो थांबायचा. स्वतःच्या घरात आपण आल्यावर कुणीतरी गप्प होतं, यासारखा अपमान नाही. या अपमानावर मी अर्थातच उलटा उपाय केला. विहीर आता बुजवायचीच, असं ठरवलं.

बातमी बाहेर गेली. आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. ते बोळात उभे राहून म्हणाले, "विहीर बुजवणं हे काही खड्डा बुजवणं नव्हे. जे करायचं ते रीतसर करा. परवानगी घ्या." समोरच्या वहिनी म्हणाल्या, "माझ्या भावाने बुजवली आणि त्याचं घर खचलं हो. पण तुम्ही बुजवाच, डास फार होतात." एवढं बोलून त्या भाजी निवडायला निघून गेल्या. घर खचू द्यायचं की डास पाळायचे, हे मी अजून ठरवतोय.

हेडमास्तरांचं ऐकून मी नगरपालिकेत गेलो. नकाशांच्या टेबलावर एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी आमच्या घराचा नकाशा पसरला, त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "विहीर कुठाय?"

"मागच्या अंगणात."

"नकाशात नाही."

"पण अंगणात आहे."

"असेल. जी विहीर नाहीच, ती बुजवायची परवानगी मी कशी देऊ?"

"मग मी परवानगीशिवाय बुजवतो."

"दंड होईल. असलेली विहीर अशी बुजवता येत नाही."

"अहो, पण आत्ताच म्हणालात ना, ती नाही म्हणून?"

"नकाशात नाही. दंड जागेवरच्या विहिरीला असतो."

मी स्वतः पोटापाण्यासाठी लोकांना नकार देतो, पण इतका घोटीव नकार मला उभ्या आयुष्यात जमलेला नाही. आदराने माझे हात जुळले असते, पण मागे रांग होती आणि माझा पेशन्स संपला होता. "अहो साहेब, मला विहीर काढायची आहे हो!" मी जवळजवळ ओरडलो.

"मग असं सरळ बोला की," ते म्हणाले. त्यांनी कंपास उघडला, पेन्सिलीला टोक केलं आणि आमच्या अंगणाच्या मधोमध एक सुबक वर्तुळ काढलं. त्यावर शिक्का मारला. "घ्या. काढली तुमची विहीर."

शिक्क्यात लिहिलं होतं, 'जलस्रोत'. पुढच्या टेबलावर मला समजावून सांगण्यात आलं की नकाशातला जलस्रोत बुजवता येत नाही, उलट तो साफ ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे नसलेली विहीर घालवायला गेलेला मी, सरकारमान्य विहीर घेऊन घरी आलो. संध्याकाळी स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला, "आई, बाबांना सांग, अभिनंदन." हा निरोप तेवढा टपाल खात्याने जसाच्या तसा पोचवला.

इथं शहाणा माणूस थांबला असता. पण गाडी पुढच्या आठवड्यात यायची होती, आणि पोरीपुढे हार खायची म्हणजे काय? मी गुपचूप करायचं ठरवलं. एके दिवशी मुलगी कसल्याशा कामाने दिवसभर बाहेर जाणार होती. कसल्या, ते मला कोण सांगणार? तोच दिवस धरला. सकाळी एक मुकादम माणसं घेऊन येईल, कठडा पाडेल, दगड काढेल, आणि दुपारी राडारोड्याचा ट्रक येऊन सगळं आत ओतून जाईल. संध्याकाळी ती येईल तेव्हा सपाट जमीन. मग रडेल, ओरडेल, आणि कुठं जाणार आहे? असं मी स्वतःला सांगत होतो. जाणार नाही, असं मनापासून वाटत होतं का? नव्हतं. म्हणून तर सारखं सांगावं लागत होतं.

मुकादमाला फोन मी ऑफिसातून केला. शेजारच्या टेबलावरचे कान टवकारून बसले होते, म्हणून हळू आवाजात आणि मोजकं बोललो. "विहीर काढायची आहे."

"काढू की. किती काढायची?"

"पूर्ण. अगदी तळापासून. आत काही ठेवायचं नाही."

"बिनघोर राहा साहेब," तो म्हणाला, आणि मी बिनघोर राहिलो. ट्रकवाल्याला वेगळा फोन केला. ट्रक बोळातून मागे घ्यायला कुणीतरी उभं राहायला हवं, म्हणून हेडमास्तरांना गळ घातली. त्यांनी ते काम वार्षिक तपासणीच्या गांभीर्याने स्वीकारलं.

त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागेना. एका धडधडीत जुन्या ओरखड्याचा दावा मी मंजूर करून टाकला. शेवटी डोकं दुखतंय असं सांगून निघालो. घरापाशी आलो तर बोळातून काळं पाणी वाहत होतं. अंगणात शिरलो. अंगण दिसतच नव्हतं. सगळीकडे काळ्याशार गाळाचे डोंगर. फुटकी भांडी, कुजलेली दोरखंडं, कुठल्या काळातल्या बादल्या, आमच्या हरवलेल्या दोन चादरी. कोपऱ्यात पंप धडधडत होता. आणि मधोमध विहीर, कठड्यासकट शाबूत. धुऊनपुसून काढलेली.

मुकादम एकटाच तिथं उभा होता. त्याची माणसं जेवायला गेली होती. "या साहेब! बघा, कशी काढलीय!"

"अहो, हे काय करून ठेवलंत? विहीर काढायची म्हणजे काढून टाकायची होती!"

"टाकायची कुठं? विहीर काय उचलून टाकता येते?"

"बुजवायची होती हो!"

"मग बुजवा म्हणायचं. तुम्ही म्हणालात तळापासून काढा, आत काही ठेवू नका. दोन पुरुष खोल गाळ होता, सगळा उपसला. तळ लागला. झरे असे मोकळे झालेत म्हणता!"

मी त्याला आणखी काही बोलणार होतो, तेवढ्यात मागच्या पायरीवर बसलेली ही दिसली. हिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ती लवकर आली," ही म्हणाली. "गाळ बघितला आणि कासव शोधायला लागली. ढिगात कुठं नाही म्हणून आत गेली."

"आत म्हणजे? खोलीत?"

"विहिरीत."

कठड्यापाशी तिच्या चपला होत्या. शेजारी तिची पर्स. मी धावलो आणि आत डोकावलो. खाली, फार खाली, तिच्या पिवळ्या ओढणीचा एवढासा तुकडा हलताना दिसला. "पोरीऽ, वर ये!" मी ओरडलो. अबोला वगैरे काही आठवलं नाही. वरून आवाज सोडला की विहीर तो घुमवते आणि आपल्यालाच परत देते. खालून तिचं काहीतरी आलं, त्यातलं "पाय" आणि "अडकला" एवढंच कळलं.

आणि पंप बंद पडला. आधी खोकला, मग एक आचका, मग शांत. त्या शांततेत झऱ्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. मोकळे झालेले झरे! मुकादम "डिझेल संपलं, आत्ता आणतो" म्हणत बोळातून पळाला. ही दोर आणायला समोरच्या वहिनींकडे धावली. जाता जाता मला म्हणाली, "अहो, तुम्ही नका उतरू. तुम्हाला स्टुलावर चढून दिवा बदलता येत नाही!"

हे खरं आहे. पण मी उतरलो. आत उतरायला भिंतीत दगड बाहेर आलेले असतात, एकाआड एक. पहिल्या दगडावर बूट घसरला, म्हणून बूट काढून फेकले. दुसऱ्यावर गुडघा कुरकुरला. खाली बघू नये असं लोक सांगतात, पण विहिरीत वर बघणं जास्त वाईट. प्रत्येक दगडागणिक आभाळ लहान होत जातं. मी भिंतीला गाल लावून, शेवाळाचा वास घेत, ठाऊक असलेल्या सगळ्या देवांना हाका मारत उतरलो. माझ्या आवाजाने पारवे फडफडून वर गेले.

"बाबा? तुम्ही?"

कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी थेट बोलली होती. मी इतका हरखलो की शेवटचा दगड चुकला आणि पाण्यात बसलो. चष्मा गेला तो गेलाच. पाणी तिच्या कमरेच्या जरा खाली होतं.

"कुठला पाय?"

"डावा. दोन दगडांच्या मधे गेलाय. ओढला की दुखतंय."

"हलवू नकोस." मी पाण्यात हात घालून चाचपू लागलो. दगड गुळगुळीत होते, हातात धरवत नव्हते. बोटं बधिर होत होती. ती माझ्या खांद्याला धरून उभी होती. तिचा आवाज अगदी स्थिर होता.

"तुम्ही मी नसताना केलंत."

"हो."

"का?"

"तू असतीस तर करू दिलं नसतंस."

"म्हणजे चूक आहे हे तुम्हाला कळत होतं."

मी दगड ओढत राहिलो. पाणी मांडीवरून वर सरकल्याचं कळत होतं.

"एवढी काय ती गाडी बाबा? कशाला हवी होती?"

"तुझ्यासाठी," मी म्हणालो. चष्मा नसला की माणूस खरं बोलतो. "तू दोन बस बदलून उशिरा येतेस. ही दारात उभी राहते. मी आत पेपर वाचतोय असं दाखवतो. एक ओळ वाचलेली नसते."

तिने विचारलं, "तुम्हाला गाडी चालवता येते?"

"नाही."

"मला?"

"तुला येत असेल असं मला वाटलं."

"नाही येत. आईला येते का?"

"अगं, तिला कशी येईल?"

आणि आम्ही दोघं हसायला लागलो. विहिरीच्या तळाशी, पाण्यात उभे राहून, एकमेकांना धरून. आमचं हसू गोल फिरून वर गेलं. वरून उत्तरादाखल वेगळाच आवाज आला. टूं टूं, टूं टूं.

"हे काय?" तिने विचारलं.

माझं हसणं बंद पडलं. "ट्रक."

"कसला ट्रक?"

"माझाच. राडारोड्याचा. विहिरीत ओतायला बोलावला होता."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तशी नजर कुठल्याही बापाच्या वाट्याला येऊ नये. आम्ही दोघं जिवाच्या आकांताने ओरडू लागलो. "थांबा! थांबाऽ! आत माणसं आहेत!" पण विहीर आमचा आवाज आमच्यातच फिरवत बसली. आणि वरून हेडमास्तरांचा खणखणीत आवाज आला, "येऊ द्या! येऊ द्या! अजून येऊ द्या!" हेडमास्तर कानाचं यंत्र फक्त लग्नाकार्यात लावतात. ते ट्रककडे तोंड आणि विहिरीकडे पाठ करून उभे होते, आणि पत्करलेलं काम त्यांनी आयुष्यात कधी अर्धवट सोडलेलं नाही.

वरचं आभाळ एका बाजूने झाकलं गेलं. कठड्यावरून खडे सुटले. एक माझ्या खांद्यावर बसला, एक पाण्यात पडला. विटेचा एक तुकडा अगदी तिच्या कानाजवळून गेला.

"बाबा, तुम्ही वर जा. तुमचे पाय मोकळे आहेत."

"गप्प बस."

"बाबा, जा ना!"

"गप्प बस म्हटलं ना!" मी तिचं डोकं माझ्या छातीशी ओढलं आणि पाठ वर केली. माझी पाठ ती केवढी, पण तेवढीच होती. या जागी काही गमतीचं सांगावं म्हणून मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. जमत नाही. मला भीती वाटत होती, आणि माझ्या डोक्यात फक्त 'हिच्यावर नको, हिच्यावर नको' एवढंच चाललं होतं.

आणि मग हिचा आवाज आला. "थांबाऽऽ! आत माझी माणसं आहेत!"

इतकी वर्षं संसार केला, पण हिला एवढा मोठा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. विहिरीलाही तो फिरवता आला नाही, तो सरळ तळाशी येऊन पोचला. मला नंतर कळलं की ही हातात दोर घेऊन ट्रकच्या मागे, कठड्याला पाठ लावून उभी राहिली होती. मागचं फळकूट उघडलेलं होतं. ड्रायव्हरने ब्रेक मारला तेव्हा ट्रक आणि हिच्यामधे हातभर जागा होती. हेडमास्तर पुढे कित्येक दिवस सांगत होते, "आत माणसं आहेत असं मला कुणी कळवलंच नव्हतं." ते खरं आहे. कळवलं नव्हतं.

ट्रक थांबल्यावर माझ्या हातांत कुठून बळ आलं कोण जाणे. दगड मी उपटून बाजूला केला, आणि तिचा पाय सुटला. खरचटला होता, मोडला नव्हता. मग, ती सांगते, दुसरा दगड आपण होऊन बाजूला झाला. त्याला चार पाय फुटले, आणि तो आमच्याकडे न बघता भिंतीच्या कपारीत शिरला.

"आहे, बाबा! आहे! तो बघा!" ती रडत होती आणि हसत होती. मला चष्म्याशिवाय काहीच दिसत नव्हतं, तरी मी "हो, हो, आहे" म्हणालो.

दोराने आधी तिला वर घेतलं, मग मला. माझ्या वेळी दोर ओढायला मुकादम, ड्रायव्हर, वहिनी आणि हेडमास्तर, चौघे लागले, आणि चौघांनीही मी वर येईस्तोवर सल्ले दिले. वर येताच मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ट्रक परत पाठवला. ड्रायव्हर म्हणाला भरलेला ट्रक परत जात नसतो, आणि त्याने सगळा राडारोडा आमच्या पुढच्या दारात ओतला. मागे गाळ, पुढे राडारोडा, मधे आम्ही. पुढच्या आठवड्यात गाडी आली. ती रस्त्याच्या कडेला लावली. आणणाऱ्या पोऱ्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि विचारलं, "एक फेरी मारायची का साहेब?" मी म्हणालो, "आज नको."

पण ते दिवस फार चांगले गेले, हे मान्य केलं पाहिजे. विहीर राहणार, हे मी जाहीर केलं होतं. झऱ्यांचं पाणी निवळलं. मुलगी माझ्याशी बोलत होती, अखंड बोलत होती. विहिरीला जाळी कशी बसवायची, गाळ बागेत कसा पसरायचा, पारवे परत आले का. ही आमचं बोलणं ऐकत बाजूला बसायची, आणि बऱ्याच दिवसांनी सुट्टी मिळाल्यासारखी दिसायची. मी मनाशी म्हणायचो, झालं एकदाचं. गाडी रस्त्यावर पडली तर पडली, पोरगी घरात आहे.

एका रविवारी तिच्या खोलीत गेलो तर पलंगावर मोठी बॅग उघडी होती आणि ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कुठं निघालीस?"

"तुम्हाला संध्याकाळी सांगणारच होते बाबा. नोकरी लागली. त्या दिवशी मुलाखतीलाच गेले होते. एक मोठं तळं जपायचं काम आहे. लांब आहे, तिथंच राहावं लागेल."

मला आधी कळेचना. "अगं, पण विहीर राहिली की!"

"हो."

"तूच म्हणाली होतीस, विहीर गेली तर मी जाईन."

"हो, म्हणाले होते." तिने हातातली घडी खाली ठेवली. "पण राहिली तर राहीन, असं कुठं म्हणाले होते, बाबा?"

मी ते वाक्य मनातल्या मनात परत परत वाचून पाहिलं. कुठं फट सापडेना. ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. नको जाऊस, असं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात पोरीचं ते तळं मनात आलं. तिथंही कुणीतरी गाडी लावायला जागा शोधत असेल. मी तोंड मिटलं.

"कधी निघायचंय?"

"परवा सकाळी."

"मी सोडतो."

"कशाने?" ती रडत रडतच हसली. "तुम्हाला कुठं चालवता येते?"

"सोडतो म्हटलं ना," मी म्हणालो. बॅग फार भरली होती, तिच्या एकटीच्याने बंद होत नव्हती. मी पलंगावर तिच्या शेजारी बसलो आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.